पानातली साखर मण्यात कशी पोचते? द्राक्षबागायतदार आणि बारावीच्या पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि सासरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. त्यामुळे आठवडाभर वर्गात फळ्यावर रसवाहिनी काढायची आणि सुट्टीच्या दिवशी बागेत तीच रसवाहिनी चाकूने कापायची असं गेली बरीच वर्षं चाललंय. दोन्हीकडून प्रश्न येतात, पोरांचे वेगळे, बागेतल्या लोकांचे वेगळे, पण खोदत गेलं की विषय एकच निघतो. तेच सगळे प्रश्न इथे घेतलेत, जमेल तसे.

झाडातली साखर म्हणजे आपली चहातलीच साखर का?

हो, तीच. सुक्रोज. पानात ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड यांच्यापासून साखर बनते आणि बाहेरगावी पाठवायची वेळ आली की बहुतेक झाडं ती सुक्रोजच्या रूपातच पाठवतात. ग्लुकोज पाठवलं असतं तर ते वाटेतच कशाशी ना कशाशी रिॲक्ट झालं असतं, सुक्रोज त्या मानाने शांत आहे, वाटेत कुणाच्या वाटेला जात नाही. द्राक्षाच्या मण्यात पोचलं की इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, म्हणून द्राक्षाची गोडी या दोघांची असते. उसात मात्र सुक्रोज तसंच साठून राहतं आणि त्यावरच साखर कारखाने चालतात. (सगळीच झाडं सुक्रोजवाली नाहीत बरं का, सफरचंदाच्या झाडात सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखाच पदार्थ पण जातो.)

जाते कशातून? झाडात खरंच नळी असते का?

असते, पण खूप बारीक, आपल्या केसापेक्षाही बारीक. झाडात दोन वेगळ्या लाइन्स आहेत. मुळाकडून पाणी वर नेते ती जलवाहिनी, म्हणजे झायलेम, ती लाकडात असते आणि तिच्या पेशी मेलेल्या असतात, नुसते पोकळ पाइप. साखर नेते ती रसवाहिनी, म्हणजे फ्लोएम, ती सालीच्या आतल्या बाजूला असते आणि तिच्या पेशी जिवंत असतात. हा साल-लाकडाचा फरक लक्षात ठेवा, पुढे गर्डलिंगला (सालीची गोल पट्टी काढण्याला) कामी येतो.

रसवाहिनीतल्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि दोन पेशींच्या मधल्या भिंतीला भोकं असतात, पीठ चाळायच्या चाळणीसारखी, म्हणून नाव चाळणी नलिका. जर्मनीचा थिओडोर हार्टिग याने १८३७ मध्ये त्या पहिल्यांदा नीट ओळखल्या. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ही पेशी मोठी होताना स्वतःचं केंद्रक सोडून देते, रस्ता मोकळा व्हावा म्हणून आतलं जवळजवळ सगळं सामान काढून टाकते, आणि मग तिला जिवंत ठेवायचं काम शेजारची सहचर पेशी करते. दोघींच्या मधल्या भिंतीत बारीक वाटा असतात, त्यातून प्रथिनं, ऊर्जा सगळं हिच्याकडून तिच्याकडे जातं. एक बिनकेंद्रकाची आणि एक तिचं सगळं बघणारी, ही जोडी शिकवताना वर्ग नेहमी शांत होतो.

मग ढकलतं कोण? झाडाला हृदय नाही, पंप नाही.

हा खरा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा सावकाश.

आधी मनुका आठवा. रात्री वाटीत पाणी घालून मनुका भिजवल्या की सकाळी टम्म होतात, कारण आत साखर जास्त आणि बाहेर नुसतं पाणी, मग पाणी साखरेकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. आता पानात बघा. पानातल्या बारीक शिरांत सहचर पेशी साखर गोळा करून चाळणी नळीत भरतात आणि हे फुकट होत नाही, बऱ्याच पिकांत पेशी आधी ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलते आणि ते प्रोटॉन परत आत येताना सुक्रोजला हाताला धरून आत आणतात. असं भरत भरत नळीतल्या रसात साखर १० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. शेजारीच जलवाहिनी पाणी घेऊन उभी असते, ते पाणी नळीत घुसतं, पण नळीची भिंत मनुकेसारखी फुगत नाही, ती घट्ट असते, मग काय होतं, दाब वाढतो. हा दाब साधारण १० बारच्या आसपास जाऊ शकतो. कारच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार भरतो, म्हणजे पानाच्या शिरेत टायरच्या चारपट दाब, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बागेत जाऊन पान हातात घेऊन बघत बसले होते.

आता दुसरं टोक. मणी, मूळ, कोवळा शेंडा, जिथे साखर लागते तिथे ती नळीतून काढून घेतली जाते. साखर गेली की पाणीही बाहेर पडतं आणि तिथला दाब उतरतो. एका टोकाला दाब जास्त, दुसऱ्याला कमी, मधे नळी, मग रस आपोआप वाहणारच. मधल्या वाटेवर पंप लागत नाही, सगळी मेहनत भरायच्या आणि उतरवायच्या टोकाला. उरलेलं पाणी परत जलवाहिनीत जातं आणि पुन्हा वर येतं. ही कल्पना अर्न्स्ट म्युंश या जर्मन वनशास्त्रज्ञाने १९३० मध्ये नीट मांडली, पुस्तकात दाब-प्रवाह सिद्धांत म्हणून असते ती हीच. पोरांनो, उत्तर लिहिताना परासरण हा शब्द आणि दोन्ही टोकं आली पाहिजेत, नुसतं "दाबामुळे वाहते" लिहून मार्क मिळत नाहीत.

किती स्पीडने जाते?

तासाला साधारण अर्धा ते एक मीटर. म्हणजे मांडवावरच्या पानातून निघालेली साखर खोडाच्या बुडाशी काही तासांत पोचते.

पाणी वर जातं आणि साखर खाली जाते, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज पुसायला मला दरवर्षी एक अख्खा तास लागतो. पाणी एकाच दिशेने, मुळाकडून वर, हे बरोबर. साखरेला वर-खाली असं काही नाही, जिथे तयार होते किंवा साठलेली असते तिथून जिथे लागते तिकडे जाते. पहिल्याला सोर्स म्हणतात, दुसऱ्याला सिंक. आणि एकच अवयव कधी सोर्स असतो कधी सिंक. कोवळं पान सुरुवातीला स्वतःच दुसऱ्यांकडून घेऊन खातं, साधारण निम्म्या आकाराला आलं की मग द्यायला लागतं. म्हणून कोवळी लुसलुशीत फूट बघून "बाग जोरात आहे" म्हणायची घाई करू नये, त्या वेळी ती कमावती नसते, खाती असते.

ऑक्टोबर छाटणीनंतर तर झाडावर पानच नसतं, मग फुटव्याला साखर येते कुठून?

साठवणीतून. खोड, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या), काड्या आणि मुळं यांत मागच्या महिन्यांत स्टार्च साठवलेला असतो, त्याची परत साखर होते आणि ती फुटणाऱ्या डोळ्यांकडे जाते. म्हणजे या दिवसांत मूळ आणि खोड सोर्स, फूट सिंक, अगदी उलटा प्रवास. म्हणूनच एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पावसाळ्यात पानं करपा, डाउनी अशा बुरशीच्या रोगांनी गेली आणि काडी नीट पिकली नाही तर त्याचा हिशोब ऑक्टोबरनंतर चुकवावा लागतो. आमचे नाना (सासरे) म्हणायचे की पावसाळ्यात बागेकडे पाठ फिरवली की बाग दिवाळीत पाठ फिरवते. त्यांना स्टार्च-बिर्च काही माहीत नव्हतं, पण बरोबर तेच सांगत होते.

एका घडाला किती साखर लागते आणि किती पानं ठेवायची?

हिशोब करून बघा. ३०० ग्रॅमचा घड आहे, ब्रिक्स १८ आहे, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम विरघळलेला माल आणि त्यातली जवळजवळ सगळी साखरच. एका घडात ५० ग्रॅमच्या आसपास साखर झाली, चहाचे दहा-बारा चमचे. ही सगळी साखर घडाच्या त्या देठातून, आणि देठाच्याही सालीतल्या एका पातळ थरातून आत गेली. आता काडीवर तीन घड ठेवले तर तिप्पट. पानं तेवढीच.

आपल्याकडे काडीला १५-१६ पानं ठेवायला सांगतात ते यासाठीच. विरळणी, घड कमी करणं, फेलफुटी (बगलेतल्या नको असलेल्या फुटी) काढणं, शेंडा मारणं, ही सगळी कामं म्हणजे साखर कुणाला द्यायची हे आपण ठरवणं. वाढता शेंडा जोरात ओढतो, मणी सेट होताना तो मारला की साखर घडाकडे वळते. फक्त जास्त माल ठेवून मग गोडीसाठी औषधं शोधत फिरणं, हे मला बघवत नाही खरं सांगायचं तर, झाडाने कमावलंच नाही ते मण्यात येणार कुठून.

गुळाचं पाणी सोडलं किंवा साखर फवारली तर ब्रिक्स वाढतो का?

नाही. मुळातून साखर शोषून ती मण्यापर्यंत नेणं असं काही होत नाही. जीवामृतातला गूळ मातीतल्या जीवाणूंचं खाद्य आहे, त्याचा उपयोग वेगळा. गोडी पानातूनच येते.

गर्डलिंगने नक्की काय होतं?

खोडाची किंवा काडीची साल गोल पट्टीत काढतात, साधारण ३ ते ५ मिलीमीटर रुंद, लाकडाला धक्का न लावता. साल गेली म्हणजे रसवाहिनी गेली. लाकूड शाबूत आहे म्हणजे जलवाहिनी शाबूत, पाणी वर जातंच. पानातली साखर खाली मुळाकडे निघालेली असते ती कापापाशी येऊन अडते आणि वरच राहते, घडांना मिळते. मणी ज्वारीएवढे असताना केलं तर फुगवणीला फायदा होतो, पाणी उतरायच्या वेळी, म्हणजे मणी मऊ व्हायला लागतो तेव्हा, केलं तर गोडी आणि रंगाला.

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी एक सांगते. पट्टी निघाली की आत ओलं, पांढरट, गुळगुळीत लाकूड दिसतं, बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे कोवळ्या पेशींचा थर, कॅम्बियम. पट्टीत एखादा सालीचा दोरा जरी राहिला तरी तेवढ्यातून साखर खाली जाते आणि गर्डलिंगचा परिणाम अर्धवट होतो, म्हणून खोडाच्या मागच्या बाजूला वाकून बघायचंच. पुढच्या दिवसांत कापाच्या वरची कड जाड होत जाते, ओठासारखी बाहेर येते, खालची कड मात्र तशीच बारीक. साखर कुठून येत होती आणि कुठे अडली याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने सतराव्या शतकात झाडांची साल अशी काढून हीच सूज बघितली होती.

याने झाड मरत नाही का?

जखम तीन-चार आठवड्यांत भरून आली तर नाही. तेवढे दिवस मुळं साठवणीवर जगतात. जखम भरलीच नाही तर मुळं उपाशी राहतात, आणि उपाशी मुळं पाणी-खत काय उचलणार, झाड हळूहळू खचतं.

आमच्याकडे एका वर्षी हे झालंय. बागेच्या एका कडेला जमीन मुरमाड आहे, तिथली झाडं आधीच नाजूक होती, पण बाकीच्या बागेबरोबर त्या दोन ओळींचंही गर्डलिंग करून घेतलं आणि चाकू काही ठिकाणी खोल गेला, लाकडात. खोल गेला म्हणजे जलवाहिनी पण कापली. दुपारी बारा वाजता त्या ओळींची पानं माना टाकून उभी होती आणि शेजारच्या ओळी ताठ. त्या वर्षी त्या झाडांचा माल बारीक राहिला आणि पुढच्या छाटणीला फूटही मागेपुढे झाली, एका चुकीचे दोन हंगाम गेले. तेव्हापासून अशक्त झाडाला चाकू लावायचा नाही हा घरातला नियम आहे, आणि तुम्हालाही हात जोडून तेच सांगते.

ऊस किंवा केळीचं गर्डलिंग करता येतं का?

नाही. त्यांच्यात रसवाहिनी सालीखाली एका गोल थरात नसते, छोटे छोटे गठ्ठे खोडभर विखुरलेले असतात. ऊस आडवा कापून बघा, ठिपके दिसतात ते हेच.

पाणी उतरल्यावर कॅल्शियम फवारून उपयोग का होत नाही?

कारण कॅल्शियम जलवाहिनीतून प्रवास करतं, रसवाहिनीत जवळजवळ चालतच नाही. मणी लहान असतो तोवर त्याला पाणी मुख्यतः जलवाहिनीतून येतं. पाणी उतरायला लागलं, मणी मऊ व्हायला लागला की जलवाहिनीचा वाटा खूप कमी होतो आणि मण्यात येणारं बरंचसं पाणी रसवाहिनीतून साखरेबरोबरच येतं. म्हणजे कॅल्शियमची गाडी तेव्हा जवळपास बंद झालेली असते. जे द्यायचं ते मणी लहान असताना द्या. पोटॅशचं उलट आहे, ते रसवाहिनीत आरामात फिरतं, म्हणून शेवटच्या टप्प्यातही मण्यात जात राहतं.

थंडीत गोडी थांबल्यासारखी का वाटते?

निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो त्या आठवड्यात सगळेच हा प्रश्न विचारतात. काकवी थंडीत कशी घट्ट होते, बाटलीतून पडता पडत नाही, तसा साखरेचा रस थंडीत दाट होतो आणि सावकाश वाहतो. त्यात पान सकाळी उशिरा कामाला लागतं, साखर भरायचं काम ऊर्जेवर चालतं तेही मंदावतं आणि मण्यातली वाढही. सगळी साखळीच हळू होते. पहाटे शेकोट्या करणं, ड्रिप चालू करणं हे लोक करतात ते मणी आणि पान वाचवायला, पण गोडीसाठी शेवटी उन्हाचीच वाट बघावी लागते.

रात्री काम बंद असतं का?

नाही. दिवसा पान थोडी साखर स्टार्च करून स्वतःजवळ ठेवतं आणि रात्री तो मोडून पाठवत राहतं.

मावा आणि मिलीबग आले की पानं चिकट का होतात?

कारण ते सरळ रसवाहिनीत सोंड घालतात. आत दाब असतो त्यामुळे रस आपोआप त्यांच्या तोंडात येतो. त्यांना हवी असतात प्रथिनांची घटकद्रव्यं, ती रसात थोडीच असतात, मग खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर ते मागून टाकून देतात. तो चिकटा. त्यावर काळी बुरशी येते, मुंग्या येतात, घड काळा पडला की बाजारात कोण घेतंय. बागेत ओलांड्यावर मुंग्यांची रांग दिसली की तिच्या मागे मागे जा, साल सैल झालेल्या जागी पांढरा पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, सापडतोच.

याच माव्याने शास्त्रज्ञांना मोठी मदत केली आहे. रस पीत असलेल्या माव्याची सोंड कापली तरी ती झाडात तशीच राहते आणि तिच्यातून शुद्ध रस थेंब थेंब तासन्‌तास येत राहतो. केनेडी आणि मिटलर यांनी १९५३ मध्ये ही पद्धत दाखवली. सुईने टोचलं तर झाड लगेच कॅलोज नावाचा पदार्थ टाकून चाळणीची भोकं बुजवतं, माव्याच्या सोंडेचा मात्र त्याला तसा पत्ता लागत नाही.

रोग पण यातून पसरतात का?

हो. वांग्यावरचा पर्णगुच्छ बघितला असेल, पानं बारीक बारीक होऊन झुडपासारखा गुच्छ होतो. त्याला कारण असलेला फायटोप्लाझ्मा नावाचा जीवाणूसारखा सूक्ष्मजीव रसवाहिनीतच राहतो आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. अशी झाडं दिसली की उपटून टाका.

लव्हाळा वरून जळतो पण परत येतो, असं का?

काही तणनाशकं जिथे पडतात तेवढंच जाळतात. ग्लायफोसेटसारखं मात्र साखरेबरोबर रसवाहिनीतून खाली गाठीपर्यंत जातं, पण साखर खाली जात असेल तरच. पाण्याचा ताण बसून मलूल झालेल्या किंवा नुकत्या खुरपलेल्या लव्हाळ्यावर मारलं तर गाडीच चालू नाही, औषध खाली जाणार कसं. आणि हे द्राक्षाच्या पानावर उडालं तर तिथेही तसंच आत फिरतं, म्हणून वारा असताना बागेत ते हातात घेऊच नका.

कांद्याचं पण असंच असतं का?

असंच. लासलगावकडचे कांदेवाले विचारतात म्हणून सांगते, कांदा पोसतो तो पातीतून येणाऱ्या साखरेवर. पात फुलकिड्यांनी पांढरी पडली किंवा करप्याने गेली की कांदा तिथेच थांबतो. मान पडली म्हणजे पातीने आपलं बरंचसं काम संपवलं.

हे सगळं घरच्या घरी डोळ्यांनी बघता येईल का? पोरांच्या प्रोजेक्टला हवंय.

येतं की. गुटी कलम करा. पावसाळ्यात पेरू किंवा डाळिंबाची बोटाएवढी जाड फांदी घ्या, दोन-तीन सेंटिमीटर साल गोल काढा, आतली बुळबुळ चाकूच्या पाठीने खरवडून टाका नाहीतर साल परत जुळते, त्यावर ओलं शेवाळ गुंडाळा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक दोन्हीकडे घट्ट बांधा. फांदीची पानं हिरवीच राहतील, कारण पाणी चालू आहे. दर आठवड्याला फोटो काढा आणि कापाच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या मोजून वहीत लिहा. पोरं हमखास विचारतात की मुळं खालच्या कडेला का येत नाहीत, जमीन तर खाली आहे. तेव्हा उत्तर सांगू नका, त्यांना पानाकडे बोट दाखवा आणि थांबा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकच्या आत पांढरी मुळं दिसायला लागतात, आणि ती सगळी वरच्या कडेतूनच निघालेली असतात.